वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारीची घरगुती दुरुस्ती

प्रश्न : आमच्या कुटुंबाची मोटार १६ वर्षांची आहे. वाहतुकीत अडकून उभी राहिली की इंजिन तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागताच तापमानाचा काटा आपोआप खाली येतो. मी घरीच थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह नियंत्रित करणारी झडप) बदलला, नंतर कूलंटही (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बदलले, तरी फरक पडला नाही. आता वॉटर पंप बदलण्यास घेतला असता त्याचा एक बोल्ट गंजून घट्ट बसला आहे आणि जोर लावण्याची भीती वाटते. पुढे काय करावे?

उत्तर : त्या बोल्टला तूर्त हात लावू नका, कारण आपण केलेल्या वर्णनावरून दोष पंपात असण्याची शक्यता कमी आहे. गाडी वेगात असताना समोरून येणारा वारा रेडिएटरमधून जातो आणि कूलंट थंड करतो. गाडी उभी राहिली की तेच काम विजेच्या पंख्याला करावे लागते. आपली गाडी नेमकी उभी असतानाच तापते, म्हणून संशयाचा पहिला मान पंख्याचा आहे. याउलट ती फक्त वेगात किंवा चढावर तापत असती, तर आतून चोंदलेला रेडिएटर किंवा झिजलेला पंप यांच्याकडे मी आधी पाहिले असते.

पंख्याची तपासणी सोपी आहे. बहुतेक गाड्यांत वातानुकूलन सुरू केले की हा पंखा फिरू लागतो. तो फिरला नाही, तर त्याची जोडणी सोडवून फ्यूज लावलेल्या वायरने त्याला थेट बॅटरीचा पुरवठा देऊन पाहावा. तरीही तो फिरत नसेल तर त्याची मोटर गेलेली आहे. फिरला, तर दोष फ्यूज, रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच), तापमानाचा सेन्सर किंवा वायरच्या जोडणीत शोधावा. जुन्या गाडीत जोडणीच्या पिनांवर चढलेला हिरवट गंज हेच अनेकदा कारण निघते आणि तो साफ करण्यास नव्या भागाची गरजही पडत नाही. पंखा व्यवस्थित चालत असेल, तर रेडिएटर आणि त्याच्या पुढचा कंडेन्सर (वातानुकूलनाची जाळी) यांच्यामध्ये साचलेली धूळ व पाने पाहावीत. कूलंट बदलताना आत हवा अडकून राहिली नाही ना, याचीही खात्री करावी. हे काम करताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. इंजिन बंद असले तरी पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून बोटे त्याच्यापासून दूर ठेवावीत. तसेच गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. वातावरणापेक्षा १ बार अधिक दाब असेल तर साधे पाणीही सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते; झाकण उघडताच तो दाब नाहीसा होतो आणि उकळते कूलंट एकदम अंगावर उसळते.

आता बोल्टविषयी, कारण आज नाही तर उद्या ही अडचण पुन्हा येणारच. अ‍ॅल्युमिनिअमच्या भागात पोलादी बोल्ट वर्षानुवर्षे ओलाव्यात राहिला की दोन्ही धातूंच्या मध्ये क्षरण होऊन तो जखडला जातो. अशा वेळी गंज सोडवणारे पातळ तेल आट्यांवर सोडून रात्रभर मुरू द्यावे, बारा कोनी नव्हे तर सहा कोनी सॉकेट पूर्ण खोल बसवावे, आणि आधी किंचित आवळून मग सैल करावे. सुटू लागला की पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल, असे धीराने करत जावे. फिरताना बोल्ट रबरासारखा लवचिक वाटू लागला, तर तो सुटत नसून पिळला जात आहे असे समजावे आणि तिथेच थांबावे. डोके तुटलेला बोल्ट काढणे हे मूळ दुरुस्तीपेक्षा कितीतरी मोठे काम होऊन बसते.

माझे स्पष्ट मत असे आहे की जुनी मोटार घरी दुरुस्त करणाऱ्यांचा पैसा आणि उमेद सर्वाधिक खर्च होते ती अंदाजाने भाग बदलण्यात. दोष कोणत्या परिस्थितीत दिसतो आणि कोणत्या परिस्थितीत दिसत नाही, हे आधी कागदावर लिहून काढावे. आपण ते पत्रात लिहिले, म्हणूनच उत्तर देणे शक्य झाले.

प्रश्न : नवी बॅटरी बसवूनही गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सुरू होत नाही. बॅटरीच सदोष असेल का?

उत्तर : असू शकेल, पण आधी मोजावे. इंजिन बंद करून काही तास गेल्यावर भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले, तर अल्टरनेटर (बॅटरी भरणारे जनित्र) आपले काम करत आहे. दोन्ही आकडे ठीक असतील, तर उभ्या गाडीत कुठेतरी वीज खर्च होत आहे. ऋण टोकाची वायर काढून तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये मल्टिमीटर अँपिअरवर लावावा, दारे बंद ठेवावीत आणि गाडीतील यंत्रणा शांत होण्यास अर्धा तास तरी द्यावा. मीटर जोडलेला असताना इंजिन सुरू करू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह सहसा चालण्यासारखा असतो. तो ५०० मिलिअँपिअर असेल, तर दिवसाला १२ अँपिअर-तास वाया जातात आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी आपण लिहिता तेवढ्याच अवधीत निकामी होते. मग एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्याने प्रवाह एकदम उतरतो, त्याच शाखेत दोष आहे. डिकीतला न विझणारा दिवा आणि नंतर बसवलेली संगीतयंत्रणा यांच्याकडे आधी पाहावे.

प्रश्न : ब्रेक पॅड घरी बदलावेत का?

उत्तर : गाडीच्या पुस्तिकेतील कृती आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) हाताशी असेल, तर बदलता येतात. मात्र केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंगाचा कोणताही भाग नेऊ नये. सपाट, टणक जमिनीवर जॅक स्टँड लावावेत आणि जमिनीवरच्या चाकांना अटकाव द्यावा. गंजलेल्या ब्रेकच्या नळ्या, एअरबॅग आणि सस्पेन्शनच्या दाबलेल्या स्प्रिंगा ही कामे कार्यशाळेकडेच द्यावीत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरतो, डॉट ४ प्रतीच्या तेलासाठी किमान २३० अंशांवरून १५५ पर्यंत. म्हणून उघड्या डब्यात राहिलेले तेल वापरू नये. नवे पॅड बसवताना कॅलिपरचा (पॅड चकतीवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन मागे ढकलला जातो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट तळाशी जाते. गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत ते पुनःपुन्हा दाबावे.