हसणाऱ्यांकडून हिशेब मागून घे

प्रिय पोरी,

तुझं पत्र नीट वाचलं. मॉडेल रेल्वेच्या, म्हणजे खऱ्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती जमवणाऱ्यांच्या, क्लबात चहाच्या वेळी म्हातारी मंडळी अशा गाड्या बनवणाऱ्या, बुडालेल्या कंपन्यांवर खो-खो हसत होती, मार्गेट आणि ब्लॅकपूल या इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या गावांच्या नावाने टाळ्या देत होती, आणि तुझ्या घशाखाली चहा उतरेना. ‘उद्या मी इंजिनं विकायला काढली आणि बुडाले, तर माझंही असंच हसं करतील ना?’ असं तू विचारलंस. करतील. पण तुझं पहिलं इंजिन विकत घेणारेही तेच असतील. तेव्हा त्यांच्या हसण्याने खट्टू होऊ नकोस. त्या हसण्यात या धंद्याचा सत्तर वर्षांचा हिशेब दडलेला आहे आणि तो फुकट मिळतो. साच्यासाठी आगाऊ रक्कम भरण्याआधी तो मागून घे, एवढं सांगण्यासाठीच हे लांबलचक पत्र.

त्यांचा ठरलेला विनोद तू ऐकला असशीलच: या धंद्यात लखपती व्हायचं तर करोडपती म्हणून शिरावं. दुसरा मार्गेटचा: तिथे न चुकता दोनच गोष्टी येतात, एक भरती आणि दुसरी ‘हे इंजिन आता पुढच्या वर्षी’ ही सूचना. हे सांगणाऱ्या माणसाच्या घरी माळ्यावर त्याच मार्गेटच्या गाड्या भरलेल्या असतात. लहानपणी नाताळला मिळालेलं पहिलं इंजिन त्याने अजून मूळ खोक्यासकट जपलेलं असतं. घरच्याच माणसाच्या खोड्या काढाव्यात तसं ते हसणं आहे.

आता मार्गेटच का, ते सांगतो. १९५० च्या नाताळात रोव्हेक्स नावाच्या छोट्या कंपनीने मार्क्स अँड स्पेन्सरसाठी विजेवर चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या गाडीचा संच काढला. पुढच्याच वर्षी लाइन्स ब्रदर्सने ती कंपनी घेतली, गाड्या ट्राय-अँग नावाने विकल्या जाऊ लागल्या आणि १९५४ मध्ये कारखाना केंटच्या किनाऱ्यावर मार्गेटला आला. तिकडे लिव्हरपूलला मेकॅनो कंपनीची हॉर्नबी डब्लो ही गाडी १९३८ पासून बाजारात होती. धातूची, जड, देखणी, पण मधोमध तिसरा रूळ असलेली. खऱ्या रेल्वेत असा मधला रूळ नसतो, हे शाळकरी पोरालाही दिसत होतं. ट्राय-अँगची गाडी दोन रुळांवर धावायची आणि बापाच्या खिशाला परवडायची. लिव्हरपूलवाल्यांनी दोन रूळ आणले ते १९५९ मध्ये. तोवर बरंचसं गिऱ्हाईक हातचं गेलं होतं. १९६४ मध्ये लाइन्स ब्रदर्सने मेकॅनोच विकत घेतली आणि मार्गेटच्या गाड्यांवर हॉर्नबीचं नाव चढलं. माल चांगला होता म्हणून लिव्हरपूल वाचलं नाही, हे मनावर कोरून ठेव. तुझ्या नमुन्याच्या रंगकामाची तारीफ मीही केली आहे, पण तारीफ वेगळी आणि पाकिटातून निघणारी नोट वेगळी.

पुढचा भाग क्लबातले लोक हसत सांगतात, पण मला तो फार गंभीर वाटतो. १९७१ मध्ये लाइन्स ब्रदर्सचं साम्राज्य कोसळलं. मेकॅनोचा तोटा, परदेशातल्या शाखांचा तोटा, एकावर एक चढत गेला. मार्गेटचा गाड्यांचा विभाग मात्र तेव्हा नफ्यात होता! घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, तसा नफ्यातला कारखाना लिलावाच्या रांगेत उभा राहिला. तो ज्यांनी घेतला ते डनबी-कोम्बेक्स-मार्क्स १९८० मध्ये बुडाले. १९८१ च्या सुरुवातीला प्लॅस्टिकच्या जोडायच्या प्रतिकृती बनवणारी एअरफिक्सही गेली. म्हणून तुला बजावतो, तुझ्या दुसऱ्या काकांच्या छपाईच्या व्यवसायाचं आणि तुझ्या इंजिनांचं खातं एक करू नकोस. त्यांनी प्रेमाने जागा दिली तर भाडेकरार कर आणि भाडं दे. त्यांच्या देण्यापायी तुझे साचे कुणाच्या जप्तीत जाता कामा नयेत.

१९९० च्या दशकात मार्गेटचं उत्पादन चीनला गेलं. स्वस्त पडलं, सुबकही झालं. मग ज्या सांडा कान या कारखान्यावर सगळी भिस्त होती, तो २००८ च्या सुमाराला केडर कंपनीने विकत घेतला. केडर म्हणजे प्रतिस्पर्धी बॅकमनचे मालक. आपला माल आपल्याच स्पर्धकाच्या घरी तयार होतोय, अशी अवस्था. ‘पुढच्या वर्षी’च्या विनोदामागे या अडचणीचा मोठा वाटा आहे. भरीस भर म्हणून २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या वस्तूंवर हॉर्नबीने मोठी आशा ठेवली आणि माल उठला नाही. तू शेनझेनच्या ज्या एकाच कारखान्याचं नाव लिहिलं आहेस, त्याचे मालक कोण, ते आणखी कुणासाठी काम करतात, आणि साचा तुझ्या मालकीचा राहील असं करारात लिहून देतात का, हे विचार. साच्यावर तुझं नाव कोरून घे. पोलादात खोदलेलं नाव नाकारणं कुणालाही जड जातं. मी आयुष्य टूलरूममध्ये, साचे घडवण्यात काढलं आहे, तेव्हा एवढं माझं ऐकच.

टूलरूमचा विषय निघालाच आहे तर चॅसीबद्दल, म्हणजे इंजिनाच्या खालच्या सांगाड्याबद्दल. खर्च वाचवायला चॅसी कुठल्याही जस्ताच्या मिश्रधातूत ओतून घेऊ, असं तू सहज लिहून गेलीस. क्लबातल्या कुणालाही १९३० च्या दशकातली ओतीव चाकं दाखवायला सांग. हातात घेऊन उजेडाकडे धर. आधी केसासारख्या बारीक भेगा दिसतात, जाळ्यासारख्या पसरलेल्या. मग लक्षात येतं की चाक फुगलंय, आसावर फिरत नाही. जरा दाबलं की कडा भुरभुरीत होऊन बोटांवर राखाडी पूड उरते. जस्तात शिसं थोडंसं जरी मिसळलं, तरी धातूच्या कणांच्या सीमांवर गंज शिरतो आणि ओतकाम आतून फुटत जातं. भट्टीत शिशाचा एखादा तुकडा चुकून पडला तरी पुरे. कारखान्यातून माल निघताना तो ठणठणीत असतो, गिऱ्हाइकाच्या कपाटात काही वर्षांनी मरतो. अलीकडच्या काळातल्या काही चिनी बनावटीच्या इंजिनांनाही हा रोग झाला. इथे पैसे वाचवू नकोस. शुद्ध जस्ताचं प्रमाणपत्र माग आणि प्रत्येक घाण्याचा नमुना बाजूला ठेवायला लाव. रंगाचा एक थर कमी कर हवं तर, तो डोळ्यांना दिसतो आणि लोक तसं सांगून माफ करतात.

गावांवरच्या विनोदाचं मूळ रेल्वेतच आहे. मार्गेटला गाडी पोचली १८४६ मध्ये आणि लंडनची माणसं लोंढ्याने समुद्रावर यायला लागली. शंभर-सव्वाशे वर्षांनी स्पेनची विमानं स्वस्त झाली, लोंढा तिकडे वळला, हॉटेलांच्या खोल्या महिन्याच्या भाड्यावर गेल्या. ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. बीचिंग यांचा तोट्यातले मार्ग बंद करण्याचा अहवाल आला १९६३ मध्ये, आणि किनाऱ्याकडे जाणारे कितीतरी फाटे पुढच्या काही वर्षांत उखडले गेले. हन्स्टंटनची गाडी १९६९ मध्ये थांबली, इल्फ्राकूमची १९७० मध्ये. आता क्लबातल्या, टेबलावर उभारलेल्या छोट्या रेल्वेच्या मांडण्या बघ. निम्म्या मांडण्यांत एक छोटं, समुद्राकाठचं शेवटचं स्टेशन असतं. टेबलावर मावतं आणि उन्हाळी जादा गाडीच्या निमित्ताने लंडनचं मोठं इंजिनही तिथे आणता येतं. खऱ्या नकाशावरून पुसलेले ते फाटे आज माळ्यांवर चालू आहेत. विनोद करणारा माणूस त्याच स्टेशनवर आईचा हात धरून उतरलेला आहे. तो इंजिन विकत घेतो तेव्हा तो उन्हाळा विकत घेत असतो.

तुझ्या गिऱ्हाइकाचा असा उन्हाळा कुठला? हा प्रश्न तुझ्या बेतात कुठेच नाही. डब्ल्यूडीएम-२ निवडलंस ते योग्य. १९६२ पासून आलेलं, वाराणसीला बनलेलं हे डिझेल इंजिन आपल्या दोन पिढ्यांनी पाहिलं आहे. पण डबे? मामाच्या गावाला जाणारा माणूस इंजिनात बसत नाही, तो डब्याच्या खिडकीत बसतो. इंजिनाआधी डबे काढ. साचा सोपा, मोटर नाही, आणि एक माणूस पाच-सहा घेतो.

आता बीअर या गावाकडे वळू. डेव्हनमधलं कोळ्यांचं गाव, खड्यांचा किनारा, होड्या दोरखंडाने वर ओढतात. तिथे पेको आहे. १९४६ मध्ये सिडनी प्रिचर्ड यांनी सुरू केलेली ही कंपनी मुख्यतः रूळ आणि सांधे बनवते. मार्गेटचे मालक बदलत राहिले, पेको रूळ बनवत राहिली. कारण इंजिन कुणाचंही असो, जर्मन, इंग्रज, इटालियन, ते धावणार रुळावरच. आणि रूळ एकदा घेऊन भागत नाही. मांडणी मोडली, वाढवली, मुलाने पाय दिला की पुन्हा घ्यावे लागतात. यावर कुणी विनोद करत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडतच नाही. तुझ्या बाबतीतही सांगण्यासारखं काही घडू नये, असं मला वाटतं.

आणि इथेच तुझ्यासाठी एक जागा रिकामी आहे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. १:८७ प्रमाणात तो साधारण १९.३ मिलिमीटर होतो, पण बाजारात मिळतो तो १६.५ चा रूळ. म्हणजे भारतीय गाडी अरुंद रुळावर उभी दिसते. इंग्रजांनीही हीच तडजोड पत्करली आहे, १:७६ च्या गाड्या त्याच १६.५ वर पळवतात आणि त्यावरून अजून भांडतात. तू सगळी पद्धत बदलायला जाऊ नकोस. पण आपल्या फलाटाच्या फरश्या, पिवळ्या पाट्या, सिमेंटचे स्लीपर, विजेचे खांब, फाटकाची खोली हे कुणी नीट बनवतंय का? छोटे साचे, थोडं भांडवल, आणि इंजिन कुठल्याही कंपनीचं असलं तरी गिऱ्हाईक तुझं.

आगाऊ नोंदणीच्या पैशांबद्दल कडक बोलतो. काही वर्षांपूर्वी इथे एका लहान कंपनीने लोकांकडून आधी पैसे गोळा करून इंजिनं काढायचं ठरवलं. कंपनी बुडाली, इंजिनं आली नाहीत, पैसेही गेले. त्या कंपनीचा विषय निघाला की क्लबात कुणी हसत नाही, लक्ष दे. याउलट लिव्हरपूलला १९४६ मध्ये सुरू झालेलं हॅटन्स हे दुकान. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि शिस्तीत आवरतं घेतलं. त्यांच्यावर विनोद होतात, पण डोळे पाणावून होतात. गिऱ्हाइकाचे आगाऊ पैसे वेगळ्या खात्यात ठेव आणि माल गोदामात येईपर्यंत त्यातला रुपयाही साच्याला लावू नकोस. साचा तुझ्या पैशाने झाला पाहिजे. तेवढे नसतील तर थांब, नोकरी कर, साठव.

नोकरी म्हटल्यावर तुझं तोंड पडेल, म्हणून क्लॉड लेन यांची गोष्ट सांगतो. विजेच्या बॅटरीवर चालणारी वाहनं बनवण्याचा त्यांचा धंदा होता, आणि जीव मात्र छोट्या ट्रामगाड्यांवर. लँडुड्नो, ऱ्हिल, मग १९५४ पासून ईस्टबोर्न, असं एका समुद्रगावातून दुसऱ्या समुद्रगावात ते आपली ट्राम चालवत राहिले. ईस्टबोर्नला जागेचं भवितव्य डळमळलं तेव्हा त्यांनी बीअरच्या शेजारच्या सीटन गावात, बीचिंगच्या काळात बंद झालेल्या फाट्याची जमीन घेतली, आणि दोन फुटी ट्राम दोन फूट नऊ इंचांच्या रुळांवर बसवल्या. १९७० मध्ये ट्राम सुरू झाली. पुढच्या वर्षी लेन गेले. ट्राम आजही चालते, ॲक्स नदीच्या काठाने, बगळे बघत. वाहनांच्या धंद्याने ट्रामला पोसलं म्हणून ती तगली. पुण्यात कर्वे रोडजवळचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय तू लहानपणी पाहिलंस, तेही भाऊ जोशींनी आपला व्यवसाय सांभाळून उभं केलेलं. पोटापाण्याचं दुसरं काम असणं हा कमीपणा मानू नकोस.

पुढच्या बैठकीला क्लबात जाशील तेव्हा गप्प बसू नकोस. तूही हस, आणि हसणं ओसरलं की विचार: ‘तुम्ही तिथे शेवटचं काय विकत घेतलं होतं? केवढ्याला? पुन्हा का नाही घेतलं?’ उत्तरं वहीत लिही. विशेषतः त्या उंच, चष्मेवाल्या गृहस्थांना विचार, ते मार्गेटच्या कारखान्यात रंगखात्यात होते आणि कुणी विचारल्याशिवाय बोलत नाहीत.

डब्यांच्या आणि फलाटाच्या साच्यांची वेगवेगळी कोटेशनं तीन ठिकाणांहून मागव. पोलाद कुठलं, किती शॉट्सची, म्हणजे साच्यातून किती वेळा माल काढता येईल याची, हमी, दुरुस्ती कुणाच्या खर्चाने, हे प्रत्येकात लिहून यायला हवं. हाती आली की मला पाठव, आपण एकेक ओळ बघू. तोपर्यंत शेनझेनला होकार कळवू नकोस.

तुझा,
काका