गाळे बंद, पण सज्जाखाली भेळेची गाडी

प्रश्न : सोलापुरात आमची १९७८ सालची दुमजली इमारत आहे. खालचे चारपैकी तीन गाळे पाच वर्षांपासून रिकामे. चौथ्याचा भाडेकरू तितकीच वर्षं कुलूप लावून गेलाय, भाडं मात्र मनिऑर्डरने येतं. आम्ही पुण्यात असतो. महापालिकेने कलम २६४ची नोटीस दिली आहे : धोकादायक भाग सात दिवसांत उतरवा किंवा दुरुस्त करा. इमारतीत माणूसच नाही, तर धोका कुणाला? आणि या निमित्ताने भाडेकरू निघेल का? जाता जाता, रिकाम्या गाळ्यांसाठी मिळकत करात सवलत मिळते का?

उत्तर : धोका कुणाला, ते तुम्हीच पाठवलेल्या फोटोत दिसतंय. सज्जातून पिंपळ बाहेर आलाय, गिलावा सुटून गज उघडे पडलेत आणि बरोबर खाली भेळेची गाडी उभी आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६४ आत राहणाऱ्याइतकाच शेजारून जाणाऱ्याचाही विचार करतं. त्यामुळे ‘इमारत बंद आहे’ हे नोटिशीला उत्तर होत नाही.

आधी सोलापुरात कुणाला तरी फोन करून फुटपाथच्या बाजूने पत्रे ठोकून घ्या. मग महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी. इमारत ३० वर्षांपुढची, म्हणजे कलम २६५अ प्रमाणे ही तपासणी एरवीही तुमच्यावर होतीच. त्याचं पत्र जोडून मुदतवाढ मागा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. गप्प बसलात तर पालिका स्वतः काम करून खर्च तुमच्याकडून वसूल करेल. पडण्याची घाई दिसली तर नोटिशीचीही वाट पाहणार नाही.

आता भाडेकरू. अशी नोटीस हाती पडली की बऱ्याच मालकांचा चेहरा खुलतो, हे मी चेंबरमध्ये पाहिलंय. पण इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच खटल्यात सांगितलंय. त्याला नोटिशीची प्रत स्पीड पोस्टाने पाठवा. काही पाडायची वेळ आलीच तर आधी त्याच्या गाळ्याचं मोजमाप कागदावर आणा. कुलूप मात्र तोडू नका.

तुमच्या हातात वेगळं हत्यार आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १६(१)(एन) नुसार दावा लावण्याआधीचे सलग सहा महिने जागा सबळ कारणाशिवाय वापरात नसेल, तर ताबा मागता येतो. इथे मनिऑर्डरच्या पावत्या त्याच्या फारशा कामाच्या नाहीत. पण ‘सज्जा डोक्यावर पडेल म्हणून दुकान उघडत नाही’ असं त्याने म्हटलं, तर तुम्ही न केलेली दुरुस्तीच त्याचं सबळ कारण ठरू शकते. म्हणून दुरुस्ती आधी, दावा नंतर.

मिळकत करातल्या सवलतीचं तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. जागा रिकामी असल्याचं लेखी कळवल्याच्या तारखेपासूनच ती मोजली जाते. तुम्ही पाच वर्षांत एकदाही कळवलेलं नाही, तेव्हा मागचं सोडा. मुदतवाढीचा अर्ज द्यायला माणूस जाईल, त्याच्याच हाती तीन गाळ्यांचं हेही पत्र द्या.