रस, साल आणि कडवटपणा : थंडीतल्या आंबटगोड फळांची प्रश्नोत्तरे

या वेळच्या पत्रांत संत्री, मोसंबी, लिंबं आणि पपनस यांच्याबद्दलचे प्रश्न इतके आहेत की सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रं वाचताना जाणवलं की बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे. आपण ही फळं म्हणजे रस असं धरून चालतो. पण यांचा सुगंध सालीच्या वरच्या रंगीत थरात असतो, आंबटगोड चव रसात असते आणि कडवटपणा पांढऱ्या भागात, पापुद्र्यात आणि बियांत दडलेला असतो. यातलं काय, केव्हा आणि किती घालायचं एवढं हाताला बसलं की अर्धे प्रश्न सुटतात.

ताई, नोव्हेंबरात घेतलेली संत्री हिरवट होती म्हणून आठवडाभर पिकत ठेवली. रंग जरा बदलला, पण आंबट ती आंबटच राहिली. चकचकीत केशरी घ्यावीत तर आत नुसत्या बिया. काय बघून घ्यायचं? (पुणे)

संत्रं आंब्या-केळ्यासारखं घरी पिकत नाही. झाडावरून उतरवलं की त्याची गोडी जिथल्या तिथे थांबते. टोपलीत ठेवून ते फार तर सुकतं. त्यामुळे घेतानाच चांगलं निवडायला हवं.

रंगावर मात्र जाऊ नका. सालीवरचा हिरवा रंग जायला थंड रात्री लागतात. ऑक्टोबरात रात्री अजून उबदार असतात, म्हणून आत तयार झालेलं फळही बाहेरून हिरवं दिसू शकतं. नागपुरी संत्र्याचे मुख्य बहार दोन. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात उतरतं. मृग बहार पावसाच्या सुरुवातीला फुलतो आणि त्याचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. माझ्या जिभेला मृगाचं संत्रं जास्त गोड आणि भरलेलं लागतं. आंबियाचं जरा आंबटसर, म्हणून स्वयंपाकाला ते बरं. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या भागातलं फळ मिळालं तर दोन्ही बहारांचं खाऊन बघा, फरक लगेच कळेल.

चकचकीत, घट्ट सालीचं, बियांनी भरलेलं जे तुम्ही आणलंत तो बहुधा किन्नू. हा कॅलिफोर्नियात तयार झालेला संकर आहे, 1935 साली तो लागवडीसाठी दिला गेला आणि आता पंजाबात अबोहरकडे आणि राजस्थानात श्रीगंगानगरकडे त्याच्या मोठ्या बागा आहेत. फळ वाईट नाही, रस भरपूर निघतो. पण सोलून खायला नागपुरी संत्र्याची सर त्याला नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, नखानं सहज सुटते आणि रंग जरा फिका असतो. विक्रेता दोन्हींना ‘नागपूर’ म्हणत असेल तर साल दाबून बघा.

संत्रं हातात घेऊन वजन जोखा. आकाराच्या मानानं जड लागलं तर रस आहे. फुगलेलं पण हलकं फळ आतून चोथा झालेलं असतं. देठाशी मऊ पडलेलं घेऊ नका.

मुलाला डब्याबरोबर मोसंबीचा रस देते. सकाळी गोड असतो, मधल्या सुट्टीपर्यंत कडू होतो असं तो सांगतो. मोसंबी खराब असते का? (डोंबिवली)

मोसंबी चांगलीच आहे, मुलगाही खरं सांगतो आहे. पापुद्र्यात आणि बियांत एक द्रव्य असतं, ते मुळात कडू नसतं. फळ चिरडलं की ते रसात उतरतं आणि रसातल्या आम्लामुळे हळूहळू बदलून लिमोनिन बनतं, ते कडू. याला काही तास लागतात, म्हणून सकाळी चव ठीक आणि दुपारी बिघडलेली. संत्र्याच्या आणि किन्नूच्या रसाचंही हेच होतं.

मिक्सरमध्ये बियांसकट फिरवणं सगळ्यात वाईट. हातयंत्रावर हलक्या हातानं पिळा, शेवटचा थेंब काढायला दाबू नका, लगेच गाळा आणि अर्ध्या तासात प्या. थंडाव्यानं ही क्रिया मंदावते, पण थांबत नाही. डब्यासाठी मी रसाचा नाद सोडीन. मोसंबी सोलून, पापुद्रे काढून फोडी द्या, वर चिमूटभर काळं मीठ. जालन्याकडची चांगली मोसंबी अशीच खायची.

संत्र्याची बासुंदी दोनदा केली, दोन्ही वेळा दूध फाटलं. काकू, हॉटेलात मिळते ती फाटत कशी नाही? (नाशिक)

दुधातलं केसिन हे प्रथिन आम्ल वाढलं की एकत्र गोळा होतं, आणि दूध गरम असेल तर थोड्याशा आम्लानंही होतं. पनीर आपण असंच करतो. म्हणजे गरम बासुंदीत संत्र्याचा रस घालणं हे पनीर करण्याचंच काम झालं. हॉटेलात बऱ्याचदा इसेन्स असतो, त्यात आम्ल नसतं, म्हणून फाटत नाही. घरी इसेन्सची गरज नाही, कारण खरा सुगंध तुम्ही फेकून देता त्या सालीत आहे.

एक लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवून निम्मं करा, साय कडेची खरवडून आत घेत राहा. दोन संत्री कोमट पाण्यात चोळून धुवा, पुसा आणि बारीक किसणीवर सालीचा फक्त केशरी थर किसा. पांढरा भाग आला की हात थांबवा. हा किस पाच-सहा चमचे साखरेत बोटांनी चोळा. साखर ओलसर आणि केशरी होते, स्वयंपाकघरभर वास सुटतो. गॅस बंद केल्यावर ही साखर बासुंदीत घाला. उकळत्या दुधात घालू नका, सुगंध वाफेबरोबर उडून जातो.

आता बासुंदी पूर्ण गार होऊ द्या आणि फ्रीजमध्ये ठेवा. फोडींचे पापुद्रे आणि बिया काढा, गर चाळणीत निथळत ठेवा. खाली जमलेला रस पिऊन टाका, तो बासुंदीत जायचा नाही. पानं वाढायला घेतली की गार बासुंदीत गार गर घाला आणि एकदाच हलवा. बंगाली लोक हिवाळ्यात संत्र्याची खीर करतात तीही अशीच, फळ अगदी शेवटी. वेलची घालू नका असं मी आग्रहानं सांगेन, तिच्यापुढे संत्रं दबून जातं. केशराच्या दोन काड्या चालतील.

उरलेली बासुंदी दुसऱ्या दिवशी थोडी आंबटसर आणि दाट होते. म्हणून जेवढी लागेल तेवढ्याच बासुंदीत फळ मिसळा.

सालींचं काय करायचं? वाळवून चेहऱ्याला लावायची पूड सोडून सांगा. (नागपूर)

पंचामृत करा. आपण मिरच्यांचं किंवा कारल्याचं करतो तेच. कर्नाटकात संत्र्याच्या सालीचं गोज्जू करतात, त्याची आणि आपल्या पंचामृताची जात एकच: कडू, आंबट, गोड, तिखट आणि खारट, सगळं एका वाटीत.

तीन संत्र्यांच्या साली घ्या. फळावर मेण असू शकतं, म्हणून सोलण्याआधी कोमट पाण्यात चोळून धुवा. सालीच्या आतला पांढरा भाग चमच्यानं शक्य तेवढा खरवडा. साल मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, पाणी फेका, पुन्हा एकदा तसंच करा. कडवटपणा पूर्ण जाणार नाही, आणि जायलाही नको. मग बारीक चिरा. तेलात मोहरी, हिंग, पाव चमचा मेथी, हळद आणि दोन-तीन हिरव्या मिरच्यांची फोडणी करा, साल परता. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, चिंचेच्या दुपटीनं गूळ, मीठ, एक चमचा गोडा मसाला घाला. उकळी आल्यावर दोन चमचे भाजलेल्या तिळांचं कूट आणि तीन चमचे दाण्याचं कूट घालून दाट होईपर्यंत शिजवा. ताजं ताजं चाखाल तर कडू वाटेल. दुसऱ्या दिवशी गूळ सालीत मुरलेला असतो आणि चव जुळून येते. फ्रीजमध्ये आठवडाभर छान राहतं. ज्वारीच्या भाकरीबरोबर खा, दहीभाताबरोबर त्याहून चांगलं.

सर्दी झाली असताना संत्रं खावं का? सासूबाई नको म्हणतात. (अकोला)

सर्दी विषाणूमुळे होते, संत्र्यामुळे नाही. पण घसा खवखवत असेल तर आंबट फळ झोंबतं आणि फ्रीजमधलं गार फळ नकोसं होतं, त्यामुळे सासूबाईंच्या सांगण्यातही तथ्य आहे. फळ तासभर बाहेर ठेवून दुपारी खा.

लिंबाचं गोड लोणचं घालते, पण दर वर्षी कडू होतं. मागच्या वर्षी वर बुरशीही आली. आईच्या हातचं तसं कधी व्हायचं नाही. (सांगली)

आधी लिंबं बदला. जाड सालीच्या लिंबात पांढरा भाग जास्त, म्हणून कडवटपणाही जास्त. पातळ सालीची, पिवळी झालेली, बोटानं दाबली जाणारी कागदी लिंबं घ्या. थंडीत ती रसरशीत आणि स्वस्त मिळतात, लोणच्याचा मोसम हाच. एकही बी आत जाऊ देऊ नका. चिरताना सुटलेला रस ताटात जमवून बरणीत घाला.

एक किलो लिंबांना 200 ग्रॅम मीठ. फोडी मिठात कालवून काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत भरा, आणखी चार-पाच लिंबांचा रस वरून ओता. फोडी रसात बुडायला हव्यात. बुरशी येते ती रसाबाहेर डोकावणाऱ्या फोडींवर, किंवा ओल्या बरणीमुळे आणि ओल्या डावामुळे. लिंबं धुतल्यावर कापडावर पूर्ण कोरडी होऊ द्या. बरणीला दिवसा ऊन दाखवा, रोज एकदा हलवा.

आणि घाई करू नका. बहुतेक जणी इथेच चुकतात. साल नखानं तुटेल इतकी मऊ होईपर्यंत साखर-गूळ घालायचा नाही. साखर आधी पडली की साल कडक राहते आणि कडूही राहते. साल मऊ व्हायला तीन-चार आठवडे सहज जातात. मग लिंबांच्या वजनाएवढी साखर किंवा गूळ, लाल तिखट आणि थोडं भाजलेलं जिरं घाला. उपासाला हवं असेल तर मोहरी-मेथी-हिंग नको. त्यानंतरही महिनाभर बरणी उघडून चाखायची नाही. आईचं लोणचं आधीच्या वर्षीचं असायचं, हे आठवतं का बघा.

आमच्या परड्यात पपनसाचं झाड आहे. वडिलांना रोज अर्धं पपनस लागतं. त्यांना कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली आहे. चालेल ना? (रत्नागिरी)

त्यांच्या डॉक्टरांना गोळीचं नाव आणि पपनस दोन्ही सांगून विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पपनस थांबवा. ग्रेपफ्रूट आणि पपनस या जवळच्या फळांत अशी द्रव्यं असतात की आतड्यात औषध मोडणारं एक विकर त्यांच्यामुळे निकामी होतं. मग त्याच गोळीचं जास्त औषध रक्तात पोचतं. सिमव्हास्टॅटिन आणि अॅटोर्व्हास्टॅटिन या गोळ्या यात येतात, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि अवयव प्रत्यारोपणानंतरची काही औषधंही येतात. सगळ्याच कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांना हे लागू नाही, म्हणून नाव महत्त्वाचं. फळ सकाळी आणि गोळी रात्री अशी पळवाट चालत नाही, परिणाम दिवसाहून जास्त टिकतो. आपल्या नेहमीच्या संत्र्या-मोसंबीचा असा त्रास सहसा नसतो, तेव्हा वडिलांना त्यांचा पर्याय द्या.

बाकीच्यांनी पपनस सोलताना पापुद्रा अजिबात ठेवू नये, सगळा कडवटपणा तिथेच असतो. गर मोकळा करून त्यावर ओलं खोबरं, हिरवी मिरची, मीठ, किंचित साखर आणि कोथिंबीर घाला. मासळीच्या जेवणाबरोबर ही कोशिंबीर फार शोभते.

जानेवारीत इथल्या दुकानात सेव्हिल संत्री येतात. हौसेनं आणली, एक फोड खाल्ली आणि तोंड कडू झालं. आता उरलेल्यांचं काय करू? (लेस्टर, इंग्लंड)

ती तशीच खायची नसतात. तुमच्या शेजारणी त्यांचा मार्मलेड करतात, तुम्हीही करा. एक किलो संत्री, दोन लिटर पाणी, दोन किलो साखर, एक लिंबू. रस काढा, सालीच्या बारीक पट्ट्या चिरा, बिया आणि आतला चोथा मलमलच्या पुरचुंडीत बांधा. हे सगळं पाण्यात रात्रभर भिजू द्या. मार्मलेड घट्ट बसतो तो बियांतल्या आणि पांढऱ्या भागातल्या पेक्टिनमुळे, म्हणून एरवी टाकायच्या त्या वस्तू इथे जपायच्या. सकाळी पट्ट्या बोटानं चुरडतील इतक्या शिजवा, दीड-दोन तास लागतात. लोणच्याचाच नियम: साखर त्यानंतर. पुरचुंडी पिळून काढा, साखर विरघळवा आणि मोठ्या आचेवर 104-105 अंश सेल्सिअसपर्यंत उकळा. थर्मामीटर नसेल तर फ्रीजमधल्या गार बशीवर थेंब टाका. बोटानं ढकलल्यावर सुरकुती पडली की झालं.

दोन संत्री मात्र बाजूला ठेवा. त्यांचा रस कैरीच्या पन्ह्याच्या प्रमाणात गूळ, वेलची आणि मीठ घालून पिऊन बघा, किंवा आमटीत कोकमाऐवजी घाला. गोळ्या सुरू असतील तर वरचं उत्तर सेव्हिल संत्र्यालाही लागू आहे.

अंबाबाईच्या हातात असतं ते महाळुंग मंडईत मिळालं. कापलं तर आत रस जवळजवळ नाहीच! (कोल्हापूर)

महाळुंगात खायचा तो जाड पांढरा गर. इतर फळांत कडू असणारा हा भाग इथे सहसा सौम्य असतो, तरी आधी एक चकती चाखून बघा. साल किसून त्याचा किस साखरेत ठेवा, शिऱ्यात घालायला. गराच्या पातळ चकत्यांना मीठ आणि लिंबू लावून जेवताना घ्या. उरलेल्याचा मुरांबा करा: बोटभर फोडी पाण्यात पारदर्शक होईपर्यंत उकडा, निथळा आणि त्यांच्या वजनाएवढ्या साखरेच्या एकतारी पाकात मंद आचेवर शिजवा. दुसऱ्या दिवशी पाक पातळ झालेला दिसेल, कारण फोडींतलं पाणी त्यात उतरतं. तो पुन्हा आटवा, मगच बरणीत भरा.