नव्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर बसत नाही

प्रश्न : शाहूपुरीत आमची गुळाची अडत आहे. मुलीनं विंडोज ११चा लॅपटॉप दिला, पण हिशेबाचं सॉफ्टवेअर काही केल्या बसेना. तीनदा उतरवलं, दरवेळी एकच निरोप : फक्त स्टोअरमधलीच ॲप्स चालतील. लॅपटॉप खराब निघाला का?

उत्तर : नाही काका, लॅपटॉप धड आहे. तो बहुतेक 'एस मोड'मध्ये असणार. त्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काही बसत नाही. सेटिंग्ज, सिस्टीम, मग ॲक्टिव्हेशन उघडा. तिथं 'स्विच टू विंडोज ११ होम'खालचं 'गो टू द स्टोअर' दाबा, मग 'गेट'. तसंच बटण 'अपग्रेड'खालीही दिसेल. त्याला अजिबात हात लावू नका, माझ्या आत्याची तिथंच गल्लत झाली होती. बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका. मात्र एकदा बाहेर पडलात की परत एस मोडमध्ये जाता येत नाही. सॉफ्टवेअरही मूळ कंपनीच्याच साइटवरून घ्या.