आधी सूर, मग नाव

प्रिय बाबू,

पोळ्याला आलास तेव्हा ओट्यावर बसून लॅपटॉपवर तुझी सिंफनी ऐकवलीस. वाजायच्या आधी पाच मिनिटं तू सांगतच होतास : हे गाझाचं, हे युक्रेनचं, इथं सायरन, इथं आईचं रडणं. आणि काल फोनवर म्हणतोस, "सर, खेड्यातला पोरगा मी, युद्धावर लिहिणारा कोण लागून गेलो?" प्रश्न उशिरा पडला, पण पडला हे बरं.

आधी सूर, मग नाव. तुला पेटी शिकवताना हे कधी बोललो नाही, कारण मलाच पन्नाशी उलटल्यावर कळलं.

पोलंडच्या पेंडेरेत्स्की या संगीतकाराची ती हिरोशिमावाली रचना तू मलाच पाठवली होतीस. 52 तंतुवाद्यं, नुसता अंगावर काटा. 1960-61 साली लिहिली तेव्हा तिचं नाव होतं फक्त '8 मिनिटं 37 सेकंद'. प्रत्यक्ष वाजलेली ऐकली आणि मग त्यानं ती हिरोशिमाच्या बळींना अर्पण केली. काही लोक याला चलाखी म्हणतात. म्हणोत. सूर आधी उभा राहिला होता, एवढं मला पुरे.

माझं उलटं झालं. कपाशी बुडाली त्या वर्षी दोन व्हायोलिन, एक क्लॅरिनेट, ढोल आणि आठ पोरं जमवून मी 'बळीराजाचा आक्रोश' बसवला. बॅनर आधी छापलं, चाल नंतर बांधली. शेवटी क्लॅरिनेटवर हंबरडा ठेवला होता. पुढं एक बाई बसली होती, घरधनी जाऊन चार महिने झालेले. हंबरडा सुरू झाला तशी तिनं पदरानं लेकाचे कान झाकले. टाळ्या भरपूर पडल्या. क्लॅरिनेट बेसूर होतं, पण एकानंही तसं म्हटलं नाही. त्या नावापुढं कोण तोंड उघडणार?

त्यानंतर मी लिहिलं नाही. गावात म्हणतात, सर भ्याले. भ्यालो नाही रे, बॅनर आधी छापायची सवय मोडत होतो. वेळ जास्त लागला, कबूल.

आता तू म्हणशील, रशियाच्या शोस्ताकोविचनं सातवी सिंफनी आपल्या लेनिनग्राड शहरालाच अर्पण केली ना? केली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्या शहराला वेढा घातला, त्याच्या सुरुवातीला तो स्वतः तिथल्या संगीतशाळेत, म्हणजे कॉन्झर्वेटरीत आग विझवणाऱ्या पथकात होता. तू होस्टेलच्या कॉटवर, हातात मोबाइल. आणि 9 ऑगस्ट 1942 ला ती त्या शहरात वाजली तेव्हा वाजवणारे उपासमारीतून उठलेले होते; पहिली तालीम 15 मिनिटांत थांबवावी लागली होती. तोच महिना आपल्या चिमूर-आष्टीच्या उठावाचा. त्याच साली तुकडोजी महाराज तुरुंगात गेले, ते खंजिरीच्या भजनांपायी. त्या खंजिरीवर काही लिहिलेलं नव्हतं. ताल असा की बसलेला माणूस उठायचा.

रागावलो असेन तर सोड. तुझ्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात चेलो एकटाच खाली उतरत जातो, ती जागा खरी आहे. ती ऐकून मी रात्री अंगणात येरझारा घातल्या. बाकी सायरन काढ. रडणं काढ. नावही पूस.

दिवाळीला आलास की आजी वाती वळत बसली असेल तेव्हा तेवढा चेलो लाव. कशाचा, कुठला, सांगू नको. तिचे हात थांबले तर मला हाक मार. व्हायोलिन उतरवून ठेवतो. त्याची 'ए' तार तुटली आहे, येताना नागपूरहून आण.

तुझा,
सर