‘प्रिव्हेंटिव्ह’ बरोबर की ‘प्रिव्हेंटेटिव्ह’? आणि मुळात ‘प्रिव्हेंट’ हा शब्द आला कुठून?

दोन्ही बरोबर. कुणी काहीही सांगू दे, दोन्ही शब्द सतराव्या शतकापासून इंग्रजीत आहेत आणि अर्थात काडीचा फरक नाही. इतकं ठासून सांगतोय कारण ह्याच शब्दावरून मला एकदा भर मीटिंगमध्ये मान खाली घालायला लागली होती.

मी आयटीआय फिटर, सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात २८ वर्षं मिल हाऊसला काढली. २००९-१० च्या हंगामातली गोष्ट, जानेवारी महिना, गाळप जोरात, आणि संध्याकाळी मी नि माझा हेल्पर राउंड मारताना केन कॅरिअरच्या (ऊस मिलकडं वाहून नेणारा पट्टा) हेड शाफ्टपाशी आलो तर पोरगं एकदम थांबलं आणि म्हणालं, “अण्णा, ह्ये रडायलंय की.” मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक प्लमर ब्लॉकवर, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं त्या घरावर, टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आतून कर्र, जरा थांबून परत कर्र. बाहेर आलेलं ग्रीस दोन बोटांत चोळून बघितलं तर काळंभोर, आणि त्यात चंदेरी कण चमकायले. ज्यानं हे काम केलंय त्याला पुढचं सांगायला नको, बेअरिंग आतून झिजायला लागलं होतं. मी लॉगबुकात लिहिलं, ‘प्रिव्हेंटेटिव्ह मेंटेनन्स अर्जंट, चेंज बेअरिंग’, खाली वेळ टाकली ६:४० आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी मीटिंगला आमच्या तेव्हाच्या साहेबांनी लॉगबुक उघडून सगळ्यांसमोर धरलं. माझ्या शब्दाभोवती लाल पेनानं गोल. म्हणाले, असा शब्दच नसतो, फिटर लोकांनी आधी इंग्रजी शिकावं आणि मग लिहावं. दोघंतिघं हसले. बेअरिंगचं काय, तर बेअरिंगचा विषयच निघाला नाही.

चौथ्या रात्री दोनच्या सुमाराला बेअरिंग जाम झालं, शाफ्ट खाऊन बसला, आणि कॅरिअर थांबला म्हणजे सगळा कारखाना थांबला. अकरा तास! यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग गेटच्या बाहेर रस्त्यापर्यंत. तोडलेला ऊस असा उभा राहिला की वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो, आणि ते नुकसान शेवटी शेतकऱ्याच्याच गळ्यात. बीडकडची एक तोडणीवाली बाई गाडीखाली पोराला पोटाशी धरून थंडीत बसलेली, मी पान्हे घेऊन पळताना दोनदा तिच्या समोरनं गेलो, ते अजून डोळ्यासमोर आहे. जे काम बंद शिफ्टमध्ये चार तासांत उरकलं असतं ना, त्याची ही किंमत.

आता शब्दाचं. माझी मुलगी इंग्रजी घेऊन बीए करत होती, तिला घरी हे सगळं सांगितलं तर तिनं जाडजूड डिक्शनरीच आणून पुढ्यात ठेवली. दोन्ही शब्द छापलेले! आणि मग मूळ सांगितलं. लॅटिनमध्ये ‘प्राए’ म्हणजे आधी, ‘वेनिरे’ म्हणजे येणं. ‘प्रिव्हेंट’ म्हणजे आधी येणं, एवढंच. अडवणं-बिडवणं हा अर्थ मागनं पक्का झाला, कारण जो आधी पोचतो तो दुसऱ्याची वाट अडवतो. १६११ च्या इंग्रजी बायबलात भक्त म्हणतो की मी पहाटेला प्रिव्हेंट केलं. पहाट अडवली नाही हो त्यानं, पहाट व्हायच्या आधी उठला. त्याच ‘वेनिरे’तनं इव्हेंट (बाहेर येणं), कन्व्हेन्शन (एकत्र येणं), इन्व्हेन्शन (एखाद्या गोष्टीवर येऊन ठेपणं), आणि फ्रेंचमधनं फिरून आलेला रेव्हेन्यू, म्हणजे परत येणारं. मला सगळ्यात आवडलं ते हे की ‘वेनिरे’, इंग्रजीतलं ‘कम’ आणि आपल्या संस्कृतातला ‘गम्’ धातू हे तिन्ही एकाच मुळाचे.

मराठीत आपण ह्याला प्रतिबंध म्हणतो, पण त्यात बंध आहे, बंधाऱ्यातला. म्हणजे पाणी आलंय आणि आपण आडवे उभे. शिवाय बंदी घातली तरी प्रतिबंध आणि रोग होऊ नये म्हणून लस दिली तरी प्रतिबंधक, त्यामुळं घोळ होतो. इंग्रजी शब्दाच्या मुळात अडवणं नाही, आधी पोचणं आहे, आणि फिटरचं काम नेमकं तेच. बेअरिंग तुटायच्या आधी तिथं जाऊन कान लावणं. तुटल्यावर जे करतात ते वरातीमागून घोडं, त्याला ब्रेकडाऊन मेंटेनन्स असं भारदस्त नाव दिलंय इतकंच.

‘प्रिव्हेंट’ला नुसतं ‘इव्ह’ पुरतं, मधला ‘अॅट’ कशाला असं म्हणणारे लोक आहेत. मग ‘टॉक’पासून ‘टॉकेटिव्ह’ कसं चालतं? ‘आर्ग्युमेंट’पासून ‘आर्ग्युमेंटेटिव्ह’? तिथं कुणी लाल गोल करत नाही.

बाकी तुम्ही कशासाठी विचारताय ते लिहिलेलं नाही, म्हणून सांगून ठेवतो. परीक्षा, नोकरीचा अर्ज, सरकारी कागद असेल तर गुमान ‘प्रिव्हेंटिव्ह’ लिहा. तोच जास्त चालतो, अमेरिकेत तर जास्तच. डॉक्टरकीतला पीएसएम विषय म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये प्रिव्हेंटिव्ह डिटेन्शन, कारखान्यातला चार्टसुद्धा प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचाच असतो. साहेबांनी तो शब्द सुचवला ते चूक नव्हतं हे मी आज मान्य करतो. पण असा शब्दच नसतो हे साफ खोटं होतं, आणि त्या ओळीत शब्द एकटा नव्हता, पुढं बेअरिंग बदला असं लिहिलं होतं. तुमच्याही कुणी शब्दाला गोल केला तर पुढची ओळ वाचलीत का एवढं तिथंच विचारा, मी विचारलं नाही.

त्या पानाची झेरॉक्स माझ्याकडं आहे, ६:४० ची वेळ आणि माझी सही दोन्ही दिसतात.