पोटातले आणि ओठांवरचे

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात यंदा राजकीय नेत्यांच्या गाजलेल्या वाक्यांवर प्रहसन बसवायचे घाटत आहे. मात्र कार्यकारिणीतील दोन ज्येष्ठ सभासदांच्या मते बोलण्याच्या ओघात जीभ कुणाचीही घसरते आणि तेवढ्यावरून माणसाची टर उडवणे असभ्यपणाचे आहे. आपले मत काय?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या ज्येष्ठांचा आक्षेप निम्मा खरा आहे, आणि तो निम्मा कोणता हे ठरवूनच संहिता लिहायला घ्यावी. फेब्रुवारी २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत तत्कालीन परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा यांनी चुकून पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांचे भाषण वाचायला घेतले आणि पोर्तुगीज बोलणारे दोन देश एकत्र उपस्थित असल्याबद्दल समाधान व्यक्त करूनही ते थांबले नाहीत. अखेर संयुक्त राष्ट्रांतील भारताचे तत्कालीन स्थायी प्रतिनिधी हरदीपसिंग पुरी यांनी चूक लक्षात आणून दिली. यावर खुशाल हसावे, त्यात कुणाचे नुकसान नाही. आपल्याकडे मात्र चुकांपेक्षा उच्चारांनाच अधिक हसले जाते. खेड्यातून आलेला आमदार विधान भवनात ‘पानी’ म्हणाला किंवा हिंदीत अडखळला, की मुंबईकर श्रोते खुसखुसू लागतात. त्याला मी विनोद म्हणणार नाही, आणि प्रहसनात कुणाचे तोतरेपण किंवा आजारपण आणू नये, हेही मुलांना बजावून सांगावे.

खरा पेच निराळ्या वाक्यांचा आहे. जुलै २०१३ मध्ये मुंबईत बारा रुपयांत पोटभर जेवण मिळते, असे काँग्रेसचे प्रवक्ते राज बब्बर म्हणाले. नियोजन आयोगाने नुकतीच शहरी दारिद्र्यरेषा माणशी दररोज सुमारे ३३ रुपये धरली होती आणि तिच्या समर्थनाच्या ओघात हे विधान आले होते. त्या पैशांत दादर स्टेशनबाहेर तेव्हा फार तर एक वडापाव आला असता. बब्बर यांनी पुढे दिलगिरी व्यक्त केली खरी, परंतु इथे जीभ घसरलीच नव्हती. गरिबीचा सरकारी हिशेब पटवून देण्यासाठी ते वाक्य वापरले गेले होते. बारा रुपये मुठीत घेऊन थाळी शोधत फिरणारे एखादे पात्र तुमच्या प्रहसनात अवश्य असावे.

राज्याचे तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या वाक्याला मात्र शक्यतो हात लावू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला, आणि मोठ्या शहरांत असे एखाददुसरे प्रसंग घडतात, अशा अर्थाचे हिंदी वाक्य गृहमंत्री पत्रकारांसमोर बोलून गेले. हिंदी त्यांच्या सवयीची नव्हती, असे मानले तरी मराठीत त्याचा अर्थ काही सौम्य झाला नसता. १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला आणि पुढच्याच वर्षी निवडणुकीनंतर ते पुन्हा गृहमंत्री झाले. माझी तक्रार आपणा श्रोत्यांबद्दल आहे. त्या वाक्याची नक्कल करणारे शेकड्यांनी भेटतात. पोलिसांची शस्त्रे, जाकिटे आणि समन्वय यांविषयी हल्ल्यानंतर चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीने काय म्हटले, हे सांगणारा क्वचितच भेटतो. हसून झाले की जाब विचारल्याचे समाधान मिळते, आणि सत्ताधाऱ्यांना ते स्वस्तात पडते.

प्रश्न : नेत्याने माफी मागितल्यावरही तेच वाक्य उकरून काढणे योग्य आहे का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : ‘माझ्या विधानाचा विपर्यास झाला, तरीही भावना दुखावल्या असतील तर’ या थाटाच्या सारवासारवीला माफी समजण्याचे कारण नाही. एप्रिल २०१३ मध्ये, ऐन दुष्काळात, पाण्यासाठी आझाद मैदानावर उपोषणाला बसलेल्या शेतकऱ्याचा उल्लेख करून तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार धरणातल्या पाण्याबद्दल जे बोलले, ते इथे छापण्याजोगे नाही. त्यांनी मात्र स्पष्ट माफी मागितली आणि कराडला प्रीतिसंगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी, दिवसभर आत्मक्लेश केला. त्या प्रायश्चित्ताची खिल्ली उडवू नये, असे मला वाटते. सिंचनावर झालेला खर्च आणि प्रत्यक्ष भिजलेले शिवार यांचा हिशेब मागताना कुणी ते वाक्य काढले, तर त्याला अडवण्याचे मात्र मला काही कारण दिसत नाही.